कॉलर न मळणारा मुलगा

पेशंटची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहायची, असं आम्हाला कॉलेजात शिकवतात. त्यामुळे नोव्हेंबर २०१२ च्या त्या केस पेपरवर पहिल्या ओळीत आजही लिहिलेलं आहे: "याले दात येऊनच नाही राहिले."

दिवाळी नुकतीच झाली होती. नागपूरच्या वेशीवरच्या एका वस्तीतून एक बाई साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. वडील हिंगणा एमआयडीसीत कामाला. तोवर प्रत्येकाने तिला धीरच दिला होता: उशिरा येतील, उशिरा आलेले दात पक्के असतात. पण दुधाचे वीसही दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येऊन जातात, आणि हा तर पुढच्या जूनमध्ये शाळेत जायचा होता.

तोंड उघडायला लावलं. वरच्या जबड्यात समोर दोन दात होते, पेन्सिलला टोक काढावं तसे. मागे दोन्ही बाजूंना एकेक दाढ. खालचा जबडा पूर्ण रिकामा. हिरडीची कड बोटाला विळ्याच्या पात्यासारखी लागली. जबड्याचं हाड दातांभोवती वाढतं, दातच नसतील तर ते तिथे भरत नाही. लाळ इतकी कमी की आरसा गालाला चिकटला.

मग मी तोंडाबाहेर पाहिलं. खरं तर हे आधी करायचं असतं. केस विरळ, मक्याच्या कणसातल्या रेशांसारखे पिंगट. भुवया जवळजवळ नाहीत. डोळ्यांभोवतीची कातडी काळपट आणि बारीक सुरकुत्यांची, नाकाचं हाड बसकं, ओठ जाड आणि थोडे बाहेर वळलेले. साडेचार वर्षांच्या चेहऱ्यावर म्हातारपणाची छटा होती. ओपीजी काढला. त्या पट्टीवजा एक्स-रेत या वयात दुधाच्या दातांखाली पक्क्या दातांची बीजं दिसायला हवीत. वरच्या जबड्यात चार दिसली. खाली एकही नाही.

मी निदान लिहिलं: हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेसिया. निदान बरोबर होतं, पुढे तपासणीतही तेच निघालं. या प्रकरणात माझ्या बाजूने पहिल्याच खेपेला बरोबर झालेली ती बहुधा एकमेव गोष्ट.

मुलाचा शर्ट नीट करता करता आई म्हणाली, "बाकी पोराचा काही त्रास नाही मॅडम. लई साफ राहतो. याच्या शर्टाची कॉलर कधी मळतच नाही, घासाच लागत नाही." मी हसले, आणि पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख लिहिली.

"उन्हात जपा"

आजार समजून घ्यायचा तर सरकी टोबताना पाहावी. एकच बाई सरीतून चालते आणि ठरावीक अंतरावर दाणा टोबत जाते. आईच्या पोटात बाळाच्या बाहेरच्या थरावरही असंच काम चालतं. काही पेशी एका ठिकाणी गोळा होतात, खाली रुजतात, आणि त्या जागी कुठे दात, कुठे केस, कुठे घामाची ग्रंथी, कुठे लाळेची ग्रंथी तयार होते. ‘इथे रुजा’ हा निरोप देणारं एक प्रथिन असतं. त्याचं जनुक, ईडीए, एक्स गुणसूत्रावर असतं आणि ते १९९६ मध्ये सापडलं. निरोपच पोचला नाही तर रान मोकळं राहतं. दात नाहीत, केस नाहीत आणि घाम नाही, या तीन वेगळ्या तक्रारी नव्हेत. टोबणाऱ्या बाईचा हातच एक.

पण आमच्याकडे तक्रारी वेगळ्या खोल्यांत जातात. दातांसाठी माझ्याकडे, केसांसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे. आणि तापासाठी? तर या मुलाला जन्मापासून प्रत्येक उन्हाळ्यात ताप यायचा. पहिला वाढदिवस, एप्रिलातला, एका दवाखान्यात सलाईनवर गेला होता. मलेरिया, टायफॉइड, लघवी, छातीचा एक्स-रे, सगळं पुन्हा पुन्हा तपासून झालं. अँटिबायोटिक दिलं की ताप उतरायचा, चार दिवसांनी परत चढायचा. पाऊस पडला की आपोआप जायचा. या सगळ्या कागदांची पिशवी आईने मला दाखवली होती. मी ती चाळली. घाम न येणं हे त्या लांबलचक नावातच आहे, हेही मला माहीत होतं. म्हणून निघताना मी तिला सांगितलं: "उन्हात जपा."

नागपुरात हे वाक्य म्हणजे "बरं आहे ना?" असं आहे. मार्च लागला की इथे प्रत्येक जण प्रत्येकाला तेच सांगतो. खिडकीत कूलर चढतो, ताट्या बदलतात, मुली डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा गुंडाळतात. उन्हात जपणं आम्हाला कोणी शिकवायला नको. मी तिला आजाराबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, फक्त निरोप घेतला होता. हे मला सहा महिन्यांनी कळलं.

मे २०१३

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक मानले जाणारे नऊ दिवस, लागायला अजून दोन दिवस होते.

त्या आठवड्यातल्या एका दुपारी मुलाच्या आईने माझं सांगणं अक्षरशः पाळलं. पोराला सकाळपासून घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. दार लावलं, खिडकीला जाड चादर लावली, कूलरसमोर निजवलं. दोनच्या सुमारास लाईन गेली. घराला टिनाचं छप्पर. लाईन आली तेव्हा कूलरच्या टाकीतलं पाणी संपलेलं होतं आणि नुसता पंखा फिरत होता. पोराचं अंग तव्यासारखं लागत होतं, पण कातडी कोरडी ठणठणीत. आईने तापाचं औषध पाजलं, अंगावर पातळ चादर घातली. थोड्या वेळाने त्याचे डोळे वर गेले आणि झटका आला.

हे मी तिच्याकडूनच नंतर ऐकलं, आणि ऐकताना प्रत्येक पायरीवर मला माझं वाक्य आठवत होतं. मुलगा उन्हात नव्हताच.

हवा पंचेचाळीस अंशांची असताना पंखा गार करत नाही, शरीराहून गरम हवा अंगावर मारतो. तुम्हाआम्हाला त्याने बरं वाटतं ते घामामुळे. घाम उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कूलरचंही तेच तत्त्व: ओल्या ताट्यांतून हवा येते, पाणी उडतं, हवा गार होते. टाकी कोरडी पडलेला कूलर आणि या मुलाचं शरीर यांत यंत्र म्हणून काही फरक नाही. आणि तापाचं औषध? जंतूंमुळे ताप येतो तेव्हा मेंदू शरीराचं तापमान मुद्दाम वर ठरवतो, औषध ते ठरवणं खाली आणतं. इथे मेंदूने काही वर ठरवलेलंच नव्हतं. उष्णता आत अडकलेली होती आणि बाहेर पडायला वाट नव्हती. बाटलीभर औषध पाजलं असतं तरी उपयोग झाला नसता. चादर मात्र नडली.

मुलगा वाचला तो आईच्या आईमुळे. काटोलकडच्या खेड्यातून ती चार दिवसांसाठी आली होती. तिने पोराला उचलून मोरीत नेलं, फरशीवर पाणी ओतून त्यावर निजवलं, माठातलं पाणी तांब्याने अंगावर घालत राहिली, आणि लेकीला सांगितलं, सुपानं वारा घाल. दवाखान्यात नेईपर्यंत ओलं लुगडं त्याच्याभोवती गुंडाळून ठेवलं. तिथे थर्मामीटर लावला तेव्हा १०३ भरला. त्याआधी किती होता, कोण जाणे.

दहा दिवसांनी तिघं माझ्याकडे आले. मी आजीला विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं?

"सुचाचं काय त्यात? आमच्या घरच्या पोट्ट्यायले ओलंच ठेवा लागते वो मॅडम. माया भाऊ उन्हायाभर वावरातल्या टाक्यात बसून राहे. भाकर बी तिथंच खाय."

भावाला दात होते का?

"नाही. बोयकाच होता तो."

आई थक्क होऊन तिच्याकडे बघत होती. हा मामा तिने लहानपणी पाहिला होता. त्याच्या तोंडात दात नव्हते, डोक्यावर केस नव्हते, म्हणून तो म्हातारा आहे असंच ती धरून चालली होती. हिशोब केला तर तो तेव्हा चाळिशीचाही नव्हता.

मग आजीने दुसरी गोष्ट सांगितली. तिचा पहिला मुलगा आठ महिन्यांचा असताना मे महिन्यात गेला. तापाने गेला असं सगळे म्हणाले. "दात यायचे होते अजून त्याचे. म्हणून समजलंच नाही कोणाले, हा मामावर गेला म्हणून."

लेकीला हे कधी सांगितलं का नाही? आजीने माझ्याकडे असं पाहिलं की मला प्रश्नाचीच लाज वाटली. "सांगून काय तिचं लग्न मोडू?"

कागदावरची चौकटं-गोल

पुढच्या वेळी मुलाची दुसरी आजी, म्हणजे आईची सासू, सोबत आली. मी उत्साहात होते. असं कुटुंब पुस्तकात सापडतं. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू घराण्याची हकिकत छापली आहे: चार पिढ्यांत दहा पुरुष, दोन्ही जबडे मिळून समोरचे चार बारके दात आणि मागच्या आठ दाढा, अंगावर केस कमी, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींना काही नाही, पण मुलींच्या मुलांना पुन्हा तेच. जनुक हा शब्दही तेव्हा नव्हता, पण वाट अचूक ओळखलेली. आणि माझ्यासमोर काटोलकडची तीच वाट बसलेली.

मी केस पेपरच्या मागे चौकटी आणि गोल काढले. पुरुष चौकट, बाई गोल, आजारी असेल तर काळं भरायचं. आजीचा भाऊ काळा, आजीचा मुलगा काळा, हा मुलगा काळा. मधल्या दोन्ही गोलांत ठिपका, म्हणजे वाहक. बायकांकडे दोन एक्स असतात. एक बिघडला तरी दुसरा बरंचसं निभावून नेतो, पण पूर्ण नाही. म्हणून मी आईला तोंड उघडायला सांगितलं. वरच्या मधल्या दोन दातांशेजारचा एक नव्हताच, दुसरा बारीक खुंटीसारखा. ती बोलताना पदर का धरते, हे मला तेव्हा कळलं. घाम येतो का? येतो, पण "पट्ट्यापट्ट्यानं". ब्लाऊजच्या पाठीवर एक पट्टा ओला, शेजारचा कोरडा. तिला वाटायचं शिवण्यात काही असेल. शरीराच्या ज्या पट्ट्यात चांगला एक्स चालू, तिथे घाम. ज्यात बिघडलेला, तिथे कोरडं. मुलाला पाजतानाही एका बाजूला दूध पुरत नव्हतं, तेही याचंच अंग.

मी हे सगळं मोठ्याने, रंगून सांगितलं. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडचं नाही हे."

मी म्हटलं, "नाही, आईकडून येतं."

शास्त्राच्या दृष्टीने उत्तर बरोबर होतं. त्यानंतर पाच महिने मुलाची आई माहेरी होती. कागद सासूबाईंनी सोबत नेला होता, घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यावरचे गोल दाखवले जात होते, हे मला उशिरा कळलं. तेव्हापासून मी वंशावळ आईशी एकटीशी बोलून काढते, आणि तो कागद दवाखान्यातच ठेवते. पण ती बाई त्या पाच महिन्यांत कशी राहिली असेल, याला माझ्या या सुधारणेचा काही उपयोग नाही.

तिला परत आणायला नवरा गेला. त्याआधी तो एकटाच माझ्याकडे आला होता, दुपारी, शिफ्ट सुटल्यावर. अडखळत विचारलं, "मॅडम, पुढचं पोरगं झालं तर?" प्रत्येक वेळी नाणेफेक, मी सांगितलं. मुलगा झाला तर अर्धी शक्यता आजाराची, मुलगी झाली तर अर्धी शक्यता वाहक असण्याची. आधी काय झालं याचा पुढच्या खेपेशी संबंध नाही. त्याने मान हलवली. जाताना म्हणाला, "तिले घेऊन येतो मी."

कवळी

पहिली कवळी डिसेंबर २०१३ मध्ये बसवली. मुलगा साडेपाच वर्षांचा. माप घेताना दोन अडचणी. एक, भीती. त्यावर उपाय सोपा: अल्जिनेटचा गुलाबी लगदा आधी त्याच्याच हातावर दिला, त्याने स्वतःच्या अंगठ्याचं माप काढलं, त्यात प्लास्टर ओतून अंगठा करून दिला. तो अंगठा वर्षभर त्याच्या दप्तरात होता. दुसरी अडचण कोरड्या तोंडाची. लगदा ओल्या तोंडातून सुटून येतो, कोरड्यात चिकटतो. म्हणून आधी गुळण्या, ओठांना व्हॅसलीन, आणि हात चालवायची घाई. लहान मुलांच्या मापाचे तयार दात सहज मिळत नाहीत. मोठ्यांच्या संचातले सगळ्यात छोटे घेऊन लॅबमध्ये घासून बारीक केले. वरची कवळी त्या दोन टोकदार दातांवर टोपीसारखी बसवली. खालची नुसत्या हिरडीवर. मोठ्या माणसाची कवळी हिरडीला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. इथे ना लाळ, ना हिरडीला रुंदी. ती बसली नाहीच, तरंगत राहिली.

बोलणं तपासायला आम्ही पेशंटला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतो. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, आणि सहासष्टला खरी परीक्षा. एवढे स ओळीने दुसरीकडे कुठे मिळायचे? या मुलाला साठपर्यंतचे आकडे येत नव्हते, म्हणून "ससा, ससा" म्हणायला लावलं. पहिल्या दिवशी शिट्टी वाजली. आठवड्याने ससा नीट झाला. त, थ, द, ध यांना व्याकरणात दंत्य म्हणतात, पण ते त्याला दातांशिवाय आधीच येत होते. जिभेने हिरडीवर स्वतःची जागा शोधून ठेवली होती. कवळी बसवल्यावर ती जागा गेली, आणि तेच पुन्हा शिकावे लागले.

पहिलीत तो कवळी घालून गेला. वर्गात त्याला आधी "बुढा" म्हणायचे, ते थांबलं. आई खूश, मी खूश. तपासणीला यायचा तेव्हा विचारायची, जेवतोस ना दात लावून? तो जोरात मान हलवायचा.

वर्षभराने नव्या मापासाठी जुनी कवळी हातात घेतली आणि भिंगाखाली पाहिली. दाढांच्या खळग्यांतल्या रेघा लॅबमधून आल्या तशाच कोऱ्या होत्या. एकाही टोकाला झीज नाही. चावून खाल्लं असतं तर अ‍ॅक्रिलिकचे दात एवढ्या काळात थोडे तरी चपटे होतात. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने जमिनीकडे पाहिलं.

मग खरं बाहेर आलं. खालची कवळी कंपासपेटीत राहायची. वरची शाळेत तोंडात, पण डब्याच्या सुट्टीत खिशात. ज्वारीची भाकर वरणात कुस्करून, भरपूर पाण्यासोबत, तो हिरड्यांनी खायचा, आणि उत्तम खायचा. संत्र्याची फोड चोखून साल बाहेर टाकण्यात त्याचा हात कोणी धरत नव्हतं. कवळी लावली की भाकर टाळूला चिकटते आणि वरण गरम आहे की गार ते कळत नाही, ही त्याची तक्रार होती. तरीपोह्यातला चिवडा कवळीखाली जातो आणि मग मोरीवर जाऊन तोंड धुवावं लागतं, तेही सगळ्यांसमोर. मी दात खाण्यासाठी बनवले होते. तो ते चेहऱ्यासाठी वापरत होता. दोघांपैकी कुणाचं चुकलं म्हणायचं?

त्यानंतर आम्ही करार केला: शाळेत, फोटोला, पाहुण्यांत कवळी. जेवताना त्याची मर्जी. पण उरलेल्या चार दातांची सफाई दोन्ही वेळा, कारण लाळ नसलेल्या तोंडात दात लवकर किडतात, आणि या घरात एक दात जाणं म्हणजे चौथा हिस्सा जाणं. दर सहा महिन्यांनी फ्लोराइडचा लेप. हे त्याने आजवर पाळलं आहे.

जबडा वाढतो, कवळी वाढत नाही. पाचव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत सहा संच झाले. त्यातला एक मौद्याच्या लग्नात पत्रावळीसोबत गेला. जेवताना काढून कागदात गुंडाळून ठेवला होता, वाढणाऱ्याने उचलला. वडिलांनी उष्ट्याच्या ढिगात बॅटरी लावून शोधला, मिळाला नाही.

ओली बंडी

दातांपेक्षा जास्त वेळ आम्ही पाण्यावर बोललो. "उन्हात जपा" च्या जागी आता कागदावर लिहून दिलेल्या गोष्टी होत्या. सुती बंडी ओली करून घालायची, वाळली की पुन्हा. फवाऱ्याची बाटली दप्तरात. पंखा लावायचा तो अंग ओलं करूनच. अंग तापलं तर आधी पाणी, मग डॉक्टर. पण डॉक्टरकडे जायचंच, कारण या मुलांना छातीचे खरे आजारही होतात, नाकात कोरड्या खपल्या धरतात, आणि प्रत्येक ताप उन्हाचाच असतो असं धरून बसणंही महागात पडतं.

यातली एक गोष्ट आम्हाला पुस्तकाने नाही, जुलैने शिकवली. पहिला पाऊस झाला की नागपूर सुटकेचा श्वास घेतं. हा मुलगा मात्र पावसाच्या उघडिपीत पुन्हा तापू लागला. हवेतच ओल भरलेली असली की बंडीतलं पाणी उडत नाही, कूलर नुसती चिकचिक फेकतो. आकडा छत्तीसचा असला तरी त्याला तो मेच्या बेचाळीसपेक्षा जड. त्या दिवसांत ओल्या बंडीवर भिस्त नाही, थेट गार पाण्याची बादली.

शाळेचा प्रश्न वेगळा. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात आणि मार्च-एप्रिलात सकाळी भरतात, तेवढी सोय आयती होती. पण कवायत, मैदान, टिनाच्या शेडमधला वर्ग? शाळेने सर्टिफिकेट मागितलं. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात विदर्भात घरोघरी माहीत असलेला सिकलसेल आहे, या आजाराचं नाव नाही. वडील चार ठिकाणी फिरले, प्रत्येक ठिकाणी फॉर्मवर चौकट शोधली गेली, सापडली नाही. शेवटी एका वर्गशिक्षिकेने कोणताही कागद न मागता त्याला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि तासाला एकदा नळावर जायची मुभा दिली. पहिल्या आठवड्यात अर्धा वर्ग नळावर जायचं म्हणू लागला. तिने जाऊ दिलं. दुसऱ्या आठवड्यात सगळे कंटाळले.

टिचबटण

सोळाव्या वर्षी, २०२४ च्या हिवाळ्यात, खालच्या जबड्यात समोर दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे खिळे, बसवले. हे नऊ-दहाव्या वर्षीही करता आलं असतं. जबड्याचा समोरचा भाग रुंदीला लवकर वाढून थांबतो, म्हणून तेवढ्या जागेत मुलांनाही बसवतात. बाकी ठिकाणी मात्र वाढ पुरी होईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर भोवतीचं हाड वर येतं आणि इम्प्लांट खड्ड्यात राहतो. तेव्हा पैसे नव्हते. आता होते, आणि मुलगा स्वतः मागत होता. सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये, हाडाची कड इतकी पातळ निघाली की वरून घासून सपाट करावी लागली. चार महिने थांबलो. मग त्या दोन खिळ्यांवर गोल डोकी बसवली, कवळीत त्यांच्या वाट्या. तो आरशात बघत म्हणाला, "अरे, हे तर टिचबटण आहे." आहेच. गेली अकरा वर्षं तरंगणारी खालची कवळी टक् आवाज करून बसली. त्याने ती काढून सात-आठ वेळा पुन्हा बसवली, नुसता आवाज ऐकायला.

महिन्याने आला. चणे चावता येतात, पेरू नाही. भाकर? भाकर अजून कवळी काढूनच बरी लागते म्हणाला. या वेळी मी दाढांवर भिंग धरलं तर टोकं थोडी घासली गेली होती.

जाताना त्याने जर्मनीचा विषय काढला. मोबाईलवर वाचलं होतं. २०१८ मध्ये अर्लांगेनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेली माहिती: जुळे भाऊ पोटात असताना सव्विसाव्या आणि एकतिसाव्या आठवड्यात, तेच हरवलेलं प्रथिन गर्भजलात सोडलं. तिसऱ्या एका बाळाला एकदा. तिघांनाही घाम येतो. पुढच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. जन्मानंतर देऊन आता त्याला फायदा नाही, टोबणीचा हंगाम गेलेला. हे त्याला माहीत होतं. त्याला विचारायचं होतं ते दहा वर्षांच्या बहिणीबद्दल. तिचा समोरचा एक दात बारीक आहे. तपासणी केलेली नाही. "तिले आता सांगायचं की लग्नाच्या वेळेस? आजीनं सांगितलं नव्हतं ना आईले."

मी म्हटलं, आधी आईशी बोल. मग तिघं मिळून या, सासूबाई नकोत. तो हसला. त्याच्यासाठी त्या आजी आहेत, आणि उन्हाळ्यात बादल्या भरून ठेवायचं काम आता त्याच करतात, हे मी विसरले होते.

आई बाहेर बाकावर वाट पाहत होती. त्याचा शाळेचा पांढरा शर्ट तिच्या मांडीवर घडी घालून, कारण तो ओल्या बंडीवरच गाडी चालवत आला होता. कॉलरवर फिकट पांढरे डाग दिसले. हे कशाचे, मी विचारलं.

"फवाऱ्याचे," ती म्हणाली. "बोअरचं पाणी जड आहे आमच्याकडचं. लिंबू लावून घासा लागते रोज."